शेजारी बसायचं काम

ताईचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. नगरला कापडबाजारात एका मॅचिंग सेंटरमध्ये मी अठरा वर्षं नोकरी करते. बायका साडी घेऊन येतात, मी त्या साडीच्या रंगाचा ब्लाउजपीस शोधून देते.

"रविवारी पोरीला बघाया पावनं येनार हायेत," ताई म्हणाली. "तुझ्या पोरीला शनिवारीच धाड. माझीच्या जोडीला बसंल, चहा आनून दील. आन् तिचा तो लिंबू कलरचा ड्रेस हाय ना, त्योच घालाया सांग."

लिंबू रंग ऐकला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. समोर गिऱ्हाईक उभं होतं म्हणून "बघते" एवढंच बोलले आणि फोन ठेवला. त्या बाईला मी चुकीच्या रंगाचा पीस कापून दिला. अठरा वर्षांत असं झालं नव्हतं.

माझी सगळी भाकरी डोळ्यांवर आहे. अबोलीचे आमच्याकडे अकरा प्रकार आहेत आणि शेजारच्या दोघांत केसाएवढा फरक. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला म्हणतो, "ताई, जरा दारात उजेडाला धरून बघा." दारात गेली की बाई नाक मुरडते. हा जरा गुलाबीकडे जातोय, तो जरा पिवळट मारतोय. अर्धा तास घालवते. तीच बाई काळा पीस मागते तेव्हा म्हणते, "कुठलाही द्या हो, काळा तो काळा." कुठलाही कसा? माझ्याकडे सहा काळे आहेत. एक हिरवट, एक तांबूस, एक पार शाईसारखा. पण काळ्यात फरक बघायची तसदी कुणी घेत नाही.

माणसांचंही तेच. गोऱ्या कातडीला आपल्याकडे ढीगभर नावं. लख्ख गोरी, गोरी, निमगोरी, उजळ, गव्हाळ. त्याखाली सावळी म्हणायचं, तेही तोंडदेखलं, आणि मग सरळ काळी. मी त्या शेवटच्या खणातली.

आमचं गाव पाथर्डीकडचं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, रंगाने गव्हाळ. तिला बघायला पहिले पाहुणे आले तेव्हा मी नववीत होते. आईने बाजारच्या दिवशी मला नवा ड्रेस आणला, फिकट लिंबू रंगाचा. आमच्या घरात धाकटीला नवं कापड म्हणजे नवलच. ताईला मात्र घरातलीच मरून साडी. "तू ताईच्या जोडीला बसायचं, अगदी खेटून," आई म्हणाली. मी हरखून गेले. ताईला आधार वाटावा म्हणून घरच्यांनी माझी निवड केली, असं मी वर्गात मैत्रिणींना सांगितलंसुद्धा.

पाहुण्यांतली एक म्हातारी उठून जवळ आली. तिने ताईची बाही कोपरापर्यंत वर सारली, कारण मनगट उन्हाने रापतं, खरा रंग कोपराच्या आत असतो. मग माझा हात ओढून त्या हाताला लावला. दोन्ही हात असे शेजारी ठेवून तिने दाराकडे वळवले.

"धाकटी का ही? हिच्याफुडं थोरली गोरीच म्हनायची की!"

आई हसली. मीही हसले. आता ते हसू आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

तीन वेळा मी तशी बसले, तिन्ही वेळा त्याच ड्रेसमध्ये. तिसऱ्या खेपेला ताईचं जमलं. राहात्याची माणसं, शिर्डीत फुलांचं आणि प्रसादाचं दुकान. माझं जमायला पुढे सहा वर्षं गेली.

मला हे सगळं कळलं ते दुकानात लागल्यावर. पांढऱ्या अस्तराचा एक जुना तागा पिवळसर पडला होता, कुणी हात लावत नव्हतं. मालक म्हणाले, "बाई, त्याच्या शेजारी तो मातकट तागा मांडा. पांढराशुभ्र दिसेल." मी मांडला. खरोखर उजळला. दुपारपर्यंत तीन बायकांनी त्यातलं कापड नेलं. आणि मी त्या मातकट ताग्याकडे बघत उभी राहिले. त्याला कुणी विचारत नव्हतं. तो विकायला मांडलेलाच नव्हता. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. इथे विटेला भाव यावा म्हणून दगड मुद्दाम आणून ठेवला होता, वर तो आणखी काळा दिसावा म्हणून त्याला लिंबू रंगाचा नवा ड्रेस घातला होता.

त्याच आठवड्यात गावी गेले आणि आईला विचारलं. ती शेंगा फोडत होती. वाटलं होतं, निदान नाही तरी म्हणेल.

"व्हय," ती म्हणाली. "मग काय करू? दोघींतली एक तर उजवायची हुती."

"आणि माझ्या वेळी? माझ्या शेजारी का नाही कुणाला बसवलंस?"

आईने शेंगांतून मान वर केली नाही.

"तुझ्यापरीस काळी घरात हुती कोन?"

त्यानंतर वर्षभर मी माहेरी गेले नाही. आई आता नाही. राग आहे तिथेच आहे. आई गेली की राग जातो असं सांगणाऱ्यांनी मला भेटावं.

पण रागाच्या भरात स्वतःचं झाकून ठेवलं तर मीही त्या म्हातारीच्याच पंगतीतली. माझी मुलगी झाली त्या सकाळी नर्स बाहेर गेल्यावर मी तिला दुपट्यातून मोकळं केलं आणि खिडकीशी नेलं. तिचा हात माझ्या हाताला लावला. माझ्या डोळ्यांना फरक लगेच कळला. माझ्यापेक्षा अर्धी छटा उजळ. मला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ मनात आलं, हिच्या वेळी मी खेटून बसेन, म्हणजे खपून जाईल. दोन तासांची पोर, आणि मी तिला गिऱ्हाईक शोधत होते. हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

ताईचा फोन आला त्या संध्याकाळी घरी आले तर मुलगी, बारावीतली, आरशासमोर तो लिंबू ड्रेस अंगाला लावून बघत होती. ताईने तिला परस्पर फोन केला होता. "मावशी म्हणाली, तिच्या लेकीला माझ्याशिवाय करमत नाही," ती म्हणाली. चेहरा फुलून आला होता. तो चेहरा मी ओळखत होते.

मी तिला बसवून सगळं सांगितलं. ड्रेस, म्हातारी, तागा. फक्त खिडकीचं सांगितलं नाही, तेवढी छाती झाली नाही. मग तिच्या देखत ताईला फोन लावला, स्पीकरवर.

"ताई, माझी मुलगी येणार नाही."

"का गं?"

"का, ते तुला माहीत आहे. मी तिसऱ्यांदा बसले तेव्हा तुलाही माहीत होतं."

ताई नाही म्हणाली नाही. रागावलीही नाही. अगदी मायेने बोलली, तिला खरोखरच मार्ग सुचला होता.

"बरं, पोरगी न्हाई तर न्हाई. मग तू ये की. तू बसलीस तरी चालंल."

  मुलीने माझ्या हातातून फोन घेतला.

"मावशी, तूच बस की तिच्या शेजारी. तुझीच लेक आहे ना?"

 मुलगी फोन धरून उत्तराची वाट बघत राहिली. मी मात्र मान खाली घातली. ताईच्या आधी हे उत्तर मी द्यायला हवं होतं, आणि माझं तर सतरा वर्षांपूर्वी त्या खिडकीशीच ठरलेलं होतं.