गाडी बोलत नाही

'ती घटना आजही आठवते' असं लिहून अशा आठवणींची सुरुवात करायची पद्धत आहे. माझी अडचण वेगळी आहे. ही घटना मला आठवावी लागतच नाही, कारण तिचा व्हिडिओ आहे. घरी पाहुणे आले आणि मी खात्यातल्या पराक्रमाच्या गोष्टी सुरू केल्या, की बायको चहाचा ट्रे ठेवते, मोबाईल काढते आणि म्हणते, "थांबा, आधी हे पाहून घ्या." त्यात मी आहे. गणवेशाला कडक इस्त्री, हातात पुष्पगुच्छ, आणि चेहऱ्यावर असं हसू की बक्षीस जणू मलाच मिळालंय.

तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. जुन्या गाड्यांचा कायापालट करणारे कार्यक्रम आमच्या घरी मन लावून पाहिले जायचे. एक खटारा गाडी येते, मिस्त्री डोक्याला हात लावतात, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे पळतात, सातव्या दिवशी पडदा बाजूला होतो आणि मालक रडतो. मालकाच्या बरोबर मीही रडायचो. बायको म्हणायची, "आपली स्कूटर सहा महिन्यांपासून अंगणात पडून आहे. थोडं तिच्यासाठी पण रडा."

अशाच एका कार्यक्रमाची मंडळी हिंगणीच्या बाजूला आली. त्यांनी एक जीप निवडली. जीपचा मालक चाळिशीचा गोंड गृहस्थ, स्वतःच चालक. जंगलालगतच्या पाड्यांवरून बायामाणसांना बाजाराला आणायचं, नेऊन सोडायचं, आणि कोणाची बाळंतीण अडली तर दवाखाना गाठायचा, हे त्याचं काम. त्या वाटेला दुसरं वाहन फिरकत नसे. जीप मात्र अशी होती की एक दार दोरीने बांधलेलं आणि दुसरं देवाच्या भरवशावर.

सातव्या दिवशी शाळेच्या मैदानावर समारंभ झाला. प्रमुख पाहुणा मी. पडदा बाजूला झाला आणि आतून नारिंगी रंगाची, चकचकीत, जाडजूड टायरांची जीप निघाली. सूत्रसंचालिकेने माईक पुढे केला. "सर, कशी वाटते गाडी?" मी आदल्या दिवशी आरशासमोर पाठ केलेलं वाक्य टाकलं, "ही तीच गाडी आहे, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही!"

टाळ्या पडल्या. माझ्या अख्ख्या नोकरीतला सर्वांत अचूक निष्कर्ष मी त्या क्षणी काढला होता. फक्त तो निष्कर्ष आहे हे मला ठाऊक नव्हतं.

चालक रडला नाही. तो आत बसला, गाडी दहा-पंधरा हात पुढे नेली, कच्चकन ब्रेक मारला, कान देऊन ऐकलं आणि खाली उतरला. म्हणाला, "बेस हाय. पण माही गाडी कुठं हाय?" सगळे पुन्हा हसले. व्हिडिओत तेवढा भाग कापलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठाण्यात हजर. माझ्या टेबलावर त्याने किल्ली ठेवली.

"साहेब, हे गाडी माही नाई."

"अरे, नवी करून दिली म्हणून तुला तसं वाटतं."

"रंगाचं नाई म्हणून राह्यलो साहेब. हे गाडी बोलत नाई."

मग त्याने सांगितलं. जीप घेतली तेव्हा त्याचा बाप तिच्यात बसून गिरडच्या दर्ग्याला गेला होता. टेकडीवरचा सुपारीएवढा एक गोल खडा त्याने आणला आणि चेसीच्या लांब पोकळ पट्टीला असलेल्या भोकातून आत सोडला. दर्ग्याचा बाबा गाडीच्या पोटात राहील, रस्ता सांभाळेल, ही श्रद्धा. खडा आत गेला तो गेलाच. ब्रेक मारला की घरंगळत पुढे यायचा, गाडी उचलली की मागे जायचा. गाडीत बसणाऱ्या बायका तो आवाज आला की म्हणायच्या, 'बाबा बोलला, आता पोचलो.'

"त्यांनी खडा काढून टाकला असेल," मी म्हणालो.

"चेसी कापल्याबिगर निघतच नाई थो. अन् चेसी कापली तं मंग गाडी राह्यली काय साहेब?"

मी स्वतः याच जिल्ह्यातला, रोहण्याचा. मला हे कळायला हवं होतं. पण मी साहेबासारखा वागलो. नोंदणी पुस्तक मागवलं, हवालदाराला गाडीखाली झोपवलं, चेसी नंबर वाचायला लावला. एकेक आकडा जुळला. नंबर जुळला म्हणजे गाडी जुळली, असं मानायची पोलिसाला सवय असते. मी किल्ली परत दिली आणि वर उपदेश केला, "बाबा, चांगली वस्तू मिळाली तर घ्यावी."

"चांगली हाय ना साहेब. पण माही नाई."

आमच्या ठाणे अंमलदाराचं मराठी फार प्रामाणिक. त्याने स्टेशन डायरीत लिहिलं : 'अर्जदाराचे म्हणणे की, गाडी बोलत नाही. समज देऊन परत पाठविले.' चार दिवसांनी डायरी तपासताना उपविभागीय अधिकाऱ्यांनी मला फोन केला. "तुमच्या ठाण्याच्या हद्दीत इतर गाड्या बोलतात का?"

तो दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला. तिसऱ्या वेळी गावाहून पायी आला होता.

"गाडी काऊन नाई आणली?"

"जे माही नाई ते कशी चालवू?"

गावात त्याला येडा ठरवलं होतं. टीव्हीवर गावाचं नाव आलं आणि हा कपाळकरंटा कुरकुरतो, असं सरपंचानेही सुनावलं होतं. पाड्यांवरच्या बाया बाजाराला पायी जात होत्या. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "हे बघ, तू खोटा निघालास तर हसं होईल. खरा निघालास तर ही गाडी जप्त होईल आणि तुझी कुठे असेल देव जाणे. दोन्हीकडून तूच पायी."

त्याने मान हलवली. "चालन. पण लिहून घ्या."

माझ्या नोकरीत चोरीला गेलेली वस्तू मागायला हजारो आले. मिळालेली वस्तू परत करायला आलेला हा एकटाच. चांगली गाडी दाराशी उभी असताना माणूस सहा कोस पायी येतो, तेव्हा तो वेडा असेल किंवा खरा असेल. वेडा माणूस तीनदा आला तर तीन गोष्टी सांगतो. याने तिन्ही वेळा एकच सांगितली होती.

आता खबर. ती खबऱ्याकडून आली नाही, खानावळवाल्या मावशीकडून आली. बाजाराच्या दिवशी बंदोबस्तावर असताना मी तिच्याकडे जेवायला बसलो. शूटिंगवाल्यांना तिनेच डबे पुरवले होते. मी सहज म्हणालो, "मावशी, सात दिवस खूप काम पडलं असेल."

"कायचे सात दिवस साहेब! दोनच दिवस होते ते. सात दिवसाचे डबे सांगतले अन् दोन दिवसात गाशा गुंडाळला. मंग आले थे एकदम समारंभाले."

"टीव्हीवर तर सात दिवस दाखवले."

"दाखवतीनच. एका दिवसात चार-चार शर्ट बदलून राह्यले होते. एक जण स्टुलावर चढून घड्याळाचे काटे फिरवे. मी म्हटलं, बाप्पा, माह्या घरी असा एक माणूस पायजे होता, सैपाकाचा टाइम तरी मागं गेला असता."

"आणि गाडी?"

"कोणती? दोन होत्या ना. एक दोरीवाली अन् एक ताडपत्रीखाली झाकलेली."

माझा घास हातातच राहिला. मावशीला वाटलं भाजी खारट झाली.

घरी येऊन मी तोच भाग पुन्हा लावला. या वेळी रडलो नाही. बायकोने आणि पोरीने शर्ट मोजायला वही घेतली, मी मिस्त्री लोकांची दाढी पाहत बसलो. सात दिवसांत कोणाचीही दाढी एका केसाने वाढली नव्हती. 'पाचव्या दिवशी' रंगाने माखलेले हात 'दुसऱ्या दिवशी'च माखलेले होते. पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढे वर्षं हे पाहून रडत होते?" खात्याच्या इभ्रतीसाठी मी टीव्ही बंद केला.

रीतसर फिर्याद नोंदवली आणि कार्यक्रमाच्या मुख्य मिस्त्रीला चौकशीला बोलावलं. टीव्हीवर हा माणूस इंजिनाला नुसता कान लावून रोग ओळखायचा. केस मानेपर्यंत, बोलणं ठसक्यात. दोन तास तो माझ्याशी पिस्टन आणि गिअरबॉक्सवर बोलला. एकही चूक सापडेना. शेवटी मी म्हणालो, "तुम्ही आलाच आहात, तर आमच्या सरकारी गाडीचं एवढं पाहून द्या. सकाळपासून सुरू होत नाही."

बाहेर आमची गाडी उभी होती. चालक हवालदाराने बॅटरीची वायर काढून ठेवली होती. मिस्त्री गाडीपाशी गेला. पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं. बॉनेटवर हात फिरवला, बोटांनी फट चाचपली. पाच मिनिटं झाली. ठाण्यातले सगळे अंगणात जमले. आमचा हवालदार अतिशय आदराने म्हणाला, "भाऊ, बॉनेटचा खटका आतून असते."

भाऊंनी डोकं धरलं. "साहेब, मी नाटकात काम करतो. मला सायकलची चेनसुद्धा बसवता येत नाही."

त्यानंतर तो घडाघडा बोलला. निर्मात्यांना गाडी दुरुस्त करायला वेळ नव्हता. त्यांनी तशीच दिसणारी तयार जीप एका गाड्या पुरवणाऱ्याकडून आणली होती. जुनी जीप त्याच्याच ट्रकने त्याच्याकडे गेली. नंबराचं काय केलं ते पुरवणाऱ्यालाच ठाऊक, असं त्याचं म्हणणं.

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून नारिंगी जीप ठाण्याच्या आवारात तपासली. नंबराभोवतीचा रंग खरवडला आणि तळहाताएवढ्या चौकोनाच्या चारही बाजूंनी वेल्डिंगची रेघ निघाली. जुन्या चेसीवरचा नंबराचा तुकडा कापून या चेसीवर बसवला होता. इंजिनाचा नंबर घासलेला. जीप शेजारच्या जिल्ह्यातून चोरलेली निघाली. म्हणजे आमचा चालक गप्प राहिला असता, तर पुढे कधीतरी चोरीच्या गाडीसह तोच आरोपी झाला असता. आणि त्याला किल्ली परत देणारा अधिकारी म्हणून माझंही नाव आलं असतं. तेही व्हिडिओसकट.

पुरवणाऱ्याला ताब्यात घेतलं. पहिले तो काहीच सांगेना. त्याच्या कामाचं कौतुक सुरू केलं तेव्हा खुलला. "रेघ दिसलीच नसती साहेब, तुम्ही कशी काय पकडली?" मी म्हणालो, "गाडी बोलत नव्हती." त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

त्याने भंगाराचं गोदाम दाखवलं. पंचांना आणि चालकाला घेऊन आम्ही गेलो. जीपची कातडी सोललेली होती, इंजिन वेगळं, दारं गायब. चेसी मात्र लोखंडाच्या ढिगाऱ्यात आडवी पडली होती, आणि तिच्या पट्टीवर तळहाताएवढी चौकोनी खिडकी. कापलेल्या तुकड्याचा आकार कागदावर काढून नेला होता, तो तंतोतंत बसला. पुरावा म्हणून तेवढं पुरेसं होतं. पण मी चार शिपायांना म्हणालो, "एका बाजूने उचला."

त्यांनी उचलली. क्षणभर काही नाही. मग आतून, लांबून, गड... गड... गड... गड... आणि टोकाला ठक्क.

चालक तिथेच मातीत बसला आणि रडला. कॅमेरा नव्हता. रडायचं कोणी सांगितलं नव्हतं. आमचा ठाणे अंमलदार पंचनामा लिहीत होता. त्याने लिहिलं : 'चेसी उचलली असता गाडी बोलली.' मग माझ्याकडे पाहून खोडायला लागला. मी म्हणालो, "राहू दे." माझ्या सहीचे हजारो कागद खात्यात कुठे कुठे पडले असतील. अभिमान मला त्या एका कागदाचा आहे.

खटल्यात बचाव पक्षाच्या वकिलांनी मला व्हिडिओ दाखवला. त्यांना वाटलं, साक्षीदार आता गोत्यात येईल. "ही तीच गाडी आहे, हे शपथेवर सांगू शकणार नाही, असं आपण जाहीरपणे म्हणालात की नाही?"

"म्हणालो. आणि आज शपथेवरही तेच सांगतो."

शिक्षा झाली.

लोक अजून विचारतात, साहेब, ते कार्यक्रम खरे असतात का हो? मी सांगतो, शर्ट मोजा. गाडी सात दिवसांत बदलते की नाही हे मला ठाऊक नाही, पण हिंगणीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला ती जीप उभी करायला सात महिने लागले हे मी डोळ्यांनी पाहिलं. न्यायालयाच्या आदेशाने सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यास हजर करायच्या अटीवर, चेसी मिळाली, पाड्यांवरच्या लोकांनी कुठून कुठून सामान जमवलं. या केसने मला शिकवलं ते एवढंच, की माणूस स्वतःचं नुकसान करून घेत एखादी गोष्ट सांगत असेल, तर आधी ती ऐकावी. कागद नंतर तपासावा. मी उलटं केलं, आणि त्याला तीन खेपा पडल्या. दोन वेळा गाडीने, एकदा पायी. पायी मारलेली ती खेप अजूनही माझ्या नावावर आहे.

निवृत्तीच्या आठवड्यात तो जीप घेऊन ठाण्यात आला. रंग नव्हता, नुसतं लाल अस्तर मारलेलं. एक दार अजूनही दोरीने बांधलेलं.

"बसा साहेब."

मी बसलो. ठाण्याच्या फाटकातून त्याने गाडी काढली, मोकळ्या रस्त्यावर थोडी पळवली आणि हसत विचारलं, "आता सांगा. शपथेवर. तेच हाय का?"

"ब्रेक मार," मी म्हणालो.

त्याने मारला. माझी टोपी समोर जाऊन आदळली, आणि पायाखालून, मागून पुढे, कोणीतरी घरंगळत आलं.

"तीच हाय," मी म्हणालो.