चार सोयऱ्यांची डेरी अन् माझी जाऊ

माझी जाऊ उज्ज्वला कशी हाय हे गावात कुणालाबी विचारा, लई गुणाची म्हणून सांगतील. मला विचाराल तर मी जळून सांगते असं म्हणाल, अन् ते खरंच हाय. जळते मी तिच्यावर. लपवून काय करायचं, सगळ्या गावाला ठावं हाय.

ती मंचरची, बी.कॉम. झालेली. मी मढची, सातवीतून शाळा सुटलेली. तिचं लग्न अठ्ठ्याण्णव साली झालं, अन् पहिल्याच आठवड्यात सासूबाई शेजारणीला सांगाय लागल्या, धाकली कशी हळू बोलती, कशी पेपर वाचती. मी त्या घरात आल्यापासून शेण काढलं, त्याचं कधी कुणी नाव काढलं नाय. बरं, ती आयतखाऊ असती तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या. तसंबी नाय. पहाटं उठून म्हशीची धार काढायची, गोठा झाडायची, अन् एवढं करून साडीला सुरकुती नाय. अशा बाईचं काय करावं माणसानं?

पुढं वाटण्या झाल्या. निमगाव साव्याच्या अलीकडं आमचं घर. घर एकच, ओटा एकच, दारं दोन. तिच्या दारी कोण आलं, कोण गेलं, आमटीला कसली फोडणी पडली, सगळं मला बसल्या जागी कळायचं. अन् जे कळायचं त्यात माझ्यापरीस काहीतरी बरंच असायचं.

माझ्याकडं तिच्यापेक्षा सरस असं एकच व्हतं, माझा भाऊ भिमाजी. आई-बाप गेले, मढच्या घराला कुलूप, तवा माहेर म्हंजी तो एकटाच. आळेफाट्यावर त्याचं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान. आमच्या गावच्या डेरीतली बॅटरी त्यानंच बसवलेली, म्हणून पंधरा दिवसांनी तरी तो बॅटरीत पाणी घालायला यायचा अन् माझ्याकडं भाकर खाऊन जायचा. तिचा भाऊ मंचरचा, मोठा माणूस, कॉम्प्युटरचं दुकान अन् क्लास. पण तो यायचा वर्षातून एकदा, तेबी घड्याळ बघत. तेवढ्या एका बाबतीत मी तिच्या वरचढ व्हते, अन् ते मी तिला विसरू देत नव्हते.

डेरीत कॉम्प्युटर आला तो दोन हजार तीनच्या सुमाराला. दूध मोजायचा काटा, फॅट मशीन, कॉम्प्युटर, प्रिंटर, अन् लाईट गेली तरी सगळं चालावं म्हणून बॅटरी. दूध घातलं की हातात छापील चिठ्ठी. आता एवढी वस्तू घ्यायची तर एका दुकानातून घ्यावी का नाय? पण आमच्या गावात सोयऱ्याला सोडून कुणी सुईसुदीक घेत नाय. कॉम्प्युटर दिला चेअरमन दादाभाऊंच्या मेव्हण्यानं. प्रिंटर एका संचालकाच्या साडूचा. काटा अन् फॅट मशीन दुसऱ्या संचालकाच्या व्याह्यानं आणलं. बॅटरी माझ्या भावाची, कारण माझा नवरा संपत, तोबी संचालक. अन् कॉम्प्युटर चालवायला उज्ज्वलाला घेतली, कारण त्या कळा दाबायची दुसऱ्या कुणाची हिंमत नव्हती.

मंग काय, एक ना धड, भाराभर चिंध्या. म्हशीच्या दुधाला गायीची फॅट छापून याय लागली. आमच्यात लंकाबाई म्हणून म्हातारी हाय, म्हैस म्हंजी तिचा जीव. तिच्या चिठ्ठीवर पाणचट दूध छापून आलं, तशी ती काट्यापुढंच बसली. माझ्या म्हशीची गावात बदनामी झाली, मी उठायची नाय, म्हणली. तिला उठवायला तिचा नातू बोलवावा लागला.

मेव्हणा आला की म्हणायचा, कॉम्प्युटर वाघावाणी चालतोय, लाईटीचा घोळ हाय, बॅटरीवाल्याला बोलवा. भिमाजी यायचा, बॅटरी ठीक हाय असं दाखवून प्रिंटरकडं बोट करायचा. प्रिंटरवाला म्हणायचा, मला जे सांगतात तेच मी छापतो. फॅट मशीनवाला म्हणायचा, माझं मशीन बरोबर दाखवतंय, कॉम्प्युटरच चुकीचं वाचतोय. नाचता येईना, अंगण वाकडं. अन् बोलायचं कुणाला? सगळेच पावणं. पावण्याला आधी पाणी, मंग चहा, मंग जेवायला चला. पावणा जेवून, सुपारी कातरत गाडीला लागायचा, अन् मशीन तसंच. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत.

एका सकाळी मशीन सुरूच होईना. दुधाची गाडी वाट बघून बघून निघून गेली. उन्हाळ्याचे दिवस, दूध नासलं. साऱ्या गावाचं दूध ओढ्याला ओतलं. बाया तोंडाला पदर लावून बघत व्हत्या.

त्या दिवशी उज्ज्वला दादाभाऊंच्या घरी गेली अन् म्हणली, चौघांनाबी एकाच दिवशी, एकाच वेळेला बोलवा. इतक्या दिवसांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एकेक पावणा वेगवेगळ्या दिवशी यायचा अन् जो हजर नाय त्याच्यावर ढकलून जायचा.

आले चौघं. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. चहा नाय. दादाभाऊंनी दोनदा खुणावलं तरी ती जागची हलंना. शेवटी त्यांनी तोंडानंच चहाचं काढलं, तवा ती हळूच म्हणली, "चहा ठेवलाय. मशीन चाललं की देते."

गावाच्या इतिहासात पावण्याला बिनचहाचं कुणी बसवलं नव्हतं. मी दारातच दुधाची किटली घेऊन उभी व्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या भावाला ही बिनचहाचा बसवती! दोन बुकं शिकली म्हणून काय रीतभात सोडायची?

पण आता ढकलायला कुणी गैरहजर नव्हतं. प्रत्येकानं आपापली वस्तू चालवून दाखवली, अन् खरोखर सगळ्यांची चालत व्हती. मंग बिघडलंय काय? तर फॅट मशीनपासून कॉम्प्युटरपर्यंत जी वायर जाती, तिचं टोक दूध-पाणी सांडून सांडून कुजलं व्हतं. आता ती वायर कुणाची? मेव्हणा म्हणला माझी नाय. व्याही म्हणला माझी नाय. खरंच ती कुणीच दिली नव्हती. कुठून तरी आली, कुणीतरी जोडली, अन् तिला धनीच नव्हता. त्यावर वाद सुरू झाला, तवा भिमाजी उठला. "कुणाची का असंना, मी आणतो," म्हणला, अन् गाडीला किक मारून नारायणगावला गेला. तो वायर घेऊन येईपर्यंत बाकीचे तिघं दादाभाऊंकडं जेवाय बसले व्हते.

दुसऱ्याच महिन्याच्या मिटिंगीत उज्ज्वलानं विषय काढला की ही सगळी वस्तू एकाच माणसाच्या गळ्यात घाला. तो कुठून आणंल, कुणाकडून दुरुस्त करून घेईल ते त्याचं तो बघंल. वायरसुदीक त्याचीच. आपल्याला माणूस एक, फोन एक.

हे मला आधीच कळलं व्हतं, अन् तो एक माणूस कोण तेबी मी ओळखून व्हते. दुसरा कोण, तिचा मंचरचा भाऊ! मांजर डोळे मिटून दूध पितं, पण मी काय आंधळी नव्हते. नळावर मी बायांना सांगितलं, बघा, आता माहेर आणून डेरीत बसवती. संपतला सांगितलं, बॅटरीचं काम गेलं तर भिमाजी या गावात कशाला येईल? तुमी उभं राहून बोला, नायतर घरात जेवाय मागू नका. माझा नवरा गरीब. उभा राहिला अन् सोयरेधायरे तोडू नका, रक्ताची माणसं तोडून गाव चालत नाय, असं लई लांबलचक बोलला. बोलणं संपल्यावर दादाभाऊंनी उज्ज्वलाला विचारलं, मंग काम द्यायचं कुणाला? तिनं माझ्या भावाचं नाव घेतलं. चौघांत एकटाच तो, वस्तू कुणाची हे न विचारता उठला, म्हणली. संपतला खाली बसायचंच सुचलं नाय, असं लोक अजून हसून सांगतात.

तुमी म्हणाल, आता तरी खूश झाली असंल. झाले ना, घटकाभर. मंग मनात आलं की पहिल्यांदा त्याला काम माझ्या नवऱ्यानं लावलं व्हतं, आता हिनं लावलं. माझ्या भावावर उपकार माझ्या जावेचे. ते माझ्या घशाखाली उतरंना.

अन् काम लई झ्याक झालं, हे कबूल करावं लागंल. भिमाजीनं एक मेकॅनिक हाताशी धरला. दोन प्रिंटर एकाच जातीचे घेतले, एक बंद पडला तर दुसरा कपाटातून काढायचा. काही बिघडलं की उज्ज्वला एकच फोन लावायची, अन् पलीकडचा माणूस 'माझं नाय' असं म्हणूच शकत नव्हता. गाडी वेळेवर सुटाय लागली. लंकाबाईच्या म्हशीची अब्रू परत आली, म्हातारी चिठ्ठी कनवटीला लावून गावभर फिरली. मेव्हणा, साडू, व्याही काही दिवस फुगले, दादाभाऊंच्या बायकोनं उज्ज्वलाशी बोलणं टाकलं, पण दूध नासलं नाय तवा सगळे हळूहळू गप झाले. शेजारच्या गावांच्या डेऱ्यांनीबी भिमाजीला बोलावलं. दुकानावर नवी पाटी लागली.

फक्त एक झालं. काही बिघडंना, तसा भिमाजी यायचा बंद झाला. बॅटरीसुदीक त्यानं नवीन जातीची आणली, पाणी न घालायची. त्या बॅटरीवर माझा जितका राग हाय तितका माणसावर नाय. बारीकसारीक काही असलं तर उज्ज्वलाच्या मोबाईलवर बोलायचा, अमुक कळ दाबा, तमुक वायर काढून परत लावा. ओट्यावर बसून ती त्याच्याशी बोलायची, मधीच हसायची, अन् मी अलीकडं ज्वारी पाखडत ऐकायची. माझ्या भावाचा गुडघा दुखतोय हे मला जाऊ सांगणार. त्यानं गाडी बदलली, जाऊ सांगणार. फोन मला करायचा तर त्याला सवड नाय, अन् मी केला तर तो कुठल्या तरी गावच्या मशीनमध्ये डोकं घालून बसलेला.

एका दुपारी ती आपल्या दारातून माझ्या दारात आली, तोंडभर हसत. भिमाजीच्या लेकीचं, समृद्धीचं लग्न ठरल्याची बातमी घेऊन. प्रिंटरचं विचारायला फोन केला तवा त्यानं सांगितलं म्हणं.

समृद्धीची आत्या कोण? मी. तिच्या बारशाला कानात नाव कुणी सांगितलं? मी. माझ्या हातातलं सूप तसंच खाली पडलं.

"माझं माहेर एवढंसं व्हतं," मी म्हणले. "तेबी तू तुझ्या फोनात घातलंस. तुझा मंचरचा भाऊ तुला पुरला नाय का गं?"

मला वाटलं ती रडंल, नायतर फणकाऱ्यानं निघून जाईल. ती उंबऱ्यावरच बसली.

"बाई, तुमचा भाऊ कामाच्या नादात यायचा राहिलाय," ती म्हणली. "माझा रागानं राहिलाय. त्या मिटिंगीत मी त्याचं नाव घेतलं नाही म्हणून. त्यानं सगळा माल काढून ठेवला होता. तेव्हापासून तो भाऊबीजेला ये म्हणत नाही, आणि फोन केला की वहिनीकडं देतो."

मला आठवलं, दोन-तीन दिवाळ्या ती मंचरला गेलीच नव्हती. डेरीचं बोनसचं काम हाय, असं सांगायची. मला वाटायचं, शेखी मिरवती.

"मंग द्यायचं ना त्यालाच," मी म्हणले. "कुणी अडवलं व्हतं?"

"त्याला दिलं असतं तर तो पाचवा सोयरा झाला असता. तुमच्या भावाला मी बिनचहाचं बसवू शकते, बाई. माझ्या भावाला नाही."

मी सूप उचललं. ती गेली. मला तिची कीव आली असं सांगितलं तर तुमाला बरं वाटंल, पण आधी मनात आलं ते निराळंच. हिनं स्वतःचं माहेर घालवलं ते गावाच्या दुधापायी, अन् माझं मात्र शाबूत ठेवलं, म्हंजी हितंबी ही माझ्या वरच! माणसानं जळावं तरी किती?

त्या दिवाळीत मी संपतच्या फोनवरून भिमाजीला दम भरला. हत्यारांची पेटी दुकानात ठेव अन् बहिणीचा भाऊ म्हणून ये. आला बिचारा, कान धरूनच आला. समृद्धीचं मला आधी सांगितलं नाय म्हणून चार शब्द खाल्ले. पाटावर बसला, मी ओवाळलं, त्यानं लुगडं दिलं, ताटात ओवाळणी टाकली. मंग मी तेच ताट, तोच दिवा उचलला अन् त्याला म्हणले, ऊठ, शेजारच्या दारात जाऊन बस. तो माझ्याकडं बघतच राहिला. बस म्हणते ना, म्हणले, अन् ताट उज्ज्वलाच्या हातात दिलं.

तिनं पदर डोक्यावर घेतला अन् घाईघाईनं कुंकू लावलं, ते थोडं त्याच्या नाकावरबी सांडलं. ओवाळताना तिनं त्याला दादा म्हणलं. मी दाराला टेकून उभी व्हते. मीच त्याला तिथं बसवला व्हता, कुणी मला सांगितलं नव्हतं. तरीबी त्यानं खिशात हात घातला तशी मी मान लांब करून बघितलंच, माझ्यापरीस जास्त तर नाय टाकत.