खुर्चीवर दिसणारी राग्नफ्रीद

आयलिफ हाउगदाल एरवी भुताखेतांची टर उडवणारा माणूस. नॉर्वेतल्या त्रोंडहाइमच्या आमच्या कचेरीत आम्ही चित्रं रंगवणाऱ्या चिप बनवतो. तो माझ्या समोरच्या टेबलावर बसतो आणि दिवसाकाठी चार वाक्यं बोलला, तर ताप आलाय का, असं मी त्याला विचारतो. त्यानंच नोव्हेंबरातल्या एका दुपारी माझी बाही ओढली.

"बघ," तो म्हणाला. "ती आली."

पडद्यावर आमचंच उपाहारगृह होतं. नवी चिप कारखान्यात जाण्याआधी संगणकावर तपासायला आम्ही कायम तेच चित्र चालवतो. आम्ही सगळे त्यात आपापल्या खुर्चीवर, हातात पाव आणि तपकिरी चीज. फक्त आमच्यातलीच राग्नफ्रीद नाही. मार्चमध्ये डोंगरात स्की करताना बर्फाचा कडा कोसळला आणि ती त्याखाली गाडली जाऊन वारली. दर रविवारी आयलिफ तिच्याबरोबर जायचा. त्या रविवारी सर्दी झाली म्हणून घरी राहिला. आमची प्रमुख विग्दिस हिनं तिला चित्रातून काढायला लावलं, खुर्ची तेवढी राहिली.

आणि त्या खुर्चीवर पापणी लवेपर्यंत राग्नफ्रीद बसलेली दिसली. हसत होती. माझ्या अंगावर काटा आला.

पण मी या धंद्यात केस पांढरे केलेत. चिपमध्ये रंगवणारे हात हजारो, पण रंग लांबच्या मेमरीत. ते येईस्तोवर हात चोळत बसायचं, हे आमचं जुनं दुखणं. त्यावर राग्नफ्रीदनं चिपचा एक भाग लिहिला होता. पुढं काय मागितलं जाईल हे ओळखून तो ते आधीच आणून ठेवायचा, पानातली भाजी संपायच्या आत आईनं वाढावी तसा. तुलनेसाठी आम्ही आधी ती असलेलं जुनं चित्र चालवतो, मग मेमरीत त्याच जागी नवं. चित्र बदललं की आधी आणलेलं सगळं फेकून द्यायचा हुकूम सुटतो. पण वाटेत असलेलं फेकायचं तिच्याकडून राहून गेलं होतं. तो जुना तुकडा हुकमानंतर पोचायचा आणि नव्या चित्रात जाऊन बसायचा.

"हे तुला आधीच कळलंय," मी म्हणालो. "तिचं काम तपासलं कोणी होतं?"

"मीच. तिनं लिहिलंय म्हटल्यावर पाहायचं काय, असं वाटलं."

"मग दुरुस्त कर की! चार ओळींचं काम आहे."

"केलं की ती यायची बंद होईल."

मी चिडलो. "अरे शहाण्या, ही चिप लोकांच्या फोनमध्ये जाणार. कुणाच्या नातवाच्या फोटोत आधीच्या फोटोतलं माणूस डोकावेल!"

"डोकावू दे."

विग्दिस रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन यायची. "चूक सापडली का रे?" "शोधतोय," हा म्हणायचा, आणि मी मूग गिळून बसायचो. ती गेली की हा परत चित्र चालवायचा. जेवायलाही उठेना. मला त्याची भीती वाटायला लागली होती, आणि खरं सांगायचं तर, मीही मान वळवून बघायचो.

शेवटी विग्दिस येऊन बसलीच. चिपचा आराखडा त्या आठवड्यात कारखान्याकडे जायचा होता. "पुरे झालं. राग्नफ्रीदचा भागच बंद करून टाकू. चिप हळू चालली तरी चालेल, पण हे असलं नको. लोक घाबरलेत."

"सगळा बंद?" आयलिफनं विचारलं.

"सगळा. ती असती तर गोष्ट वेगळी. आता तिला विचारायचं कसं?"

बाहेर तीन वाजताच अंधारलं होतं. मग त्यानं कीबोर्ड पुढं ओढला.

"थांब," तो म्हणाला. "तिचा भाग राहू दे."

चार ओळी लिहायला त्याला तासभर लागला. बटण मात्र दाबवेना. "तू दाब," तो मला म्हणाला. माझाही हात पुढं होईना. अखेर त्यानंच दाबलं.

चित्र पुन्हा पुन्हा आलं. खुर्ची दर वेळी रिकामी. विग्दिसनं आकडे पाहिले. "वेग जसाच्या तसा! शाब्बास रे! तिचं काम वाचवलंस." असं म्हणून ती खुशीत बाकीच्यांना सांगायला गेली.

आयलिफ पडद्याकडे बघत राहिला.

"आता गेली ती," तो म्हणाला, आणि तोंड हातांत धरून रडायला लागला. तिच्या अंत्यविधीत मी त्याच्या शेजारीच उभा होतो. तिथं तो रडला नव्हता.