रस्त्याच्या दोन्ही बाजूंची प्रार्थना

आमच्या गावात दोन चर्च आहेत. पूर्वी एकच होतं. पाळक म्हणजे पास्टर निवडण्यावरून मंडळी फुटली आणि अर्धी घरं रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये उपासनेला जाऊ लागली. तेव्हापासून निवृत्त नर्स सुलोचनाबाई दर शुक्रवारी दुपारी आमच्या चर्चमध्ये सतरंजी टाकून दोन्ही मंडळ्यांच्या संजीवनासाठी, म्हणजे विश्वास पुन्हा जागा व्हावा म्हणून, प्रार्थना करतात. आम्ही तिघीचौघीच असतो.

गेल्या शुक्रवारी दाराशी कुणी चपला काढल्या, म्हणून मी डोळे किलकिले केले. मार्थाबाई होत्या. सुलोचनाबाईंची सख्खी धाकटी जाऊ, पण पलीकडच्या मंडळीतली. मंडळी फुटल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

"बसू का, जाऊबाई?"

सुलोचनाबाई जरा सरकल्या. "बस. भिंतीला टेक, गुडघा दुखतो ना तुझा."

प्रार्थना पुढे सुरू झाली. संजीवन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे प्रार्थनासभेचा मोठा मांडव आणि गर्दी यायची. आपल्याकडे हे कधी होणार, असं वाटून जीव उदास व्हायचा. त्या दुपारी मात्र मला कसलीच घाई वाटेना. पंखा फिरत होता आणि मार्थाबाई सुलोचनाबाईंच्या नातवासाठी, त्याच्या दम्यासाठी, नाव घेऊन प्रार्थना करत होत्या.

आमेन झाल्यावर सुलोचनाबाईंनी हलकेच विचारलं, "त्याच्यासाठी कधीपासून मागतेस?"

"तो जन्मल्यापासून," मार्थाबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "आमची प्रार्थना गुरुवारी असते. तुम्हा सगळ्यांसाठीच."