घरात उस्ताद असताना वॉरंटी

नवीन गाडी घ्यायची असं मी घरी सांगितलं, तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "आधी कोणाकडे होती?" कोणाकडेच नव्हती, कोरी आहे, हे त्यांच्या गळी उतरवायला मला दोनदा सांगावं लागलं. त्यात त्यांची चूक नाही. आमच्या घरी आलेल्या सगळ्या गाड्या लोकांनी वैतागून सोडून दिलेल्या होत्या. एकीचं दार खिडकीतून हात घालून आतून उघडावं लागे. एकीचा हॉर्न दाबला की वायपर सुरू होत. आई म्हणायची, "गाडीला धक्का मारायला हक्काचं माणूस हवं, म्हणून यांनी लग्न केलं." बाबा हसायचे, पण नाही असं कधीच म्हणायचे नाहीत.

बाबा मेकॅनिक. रस्त्याच्या वळणावर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना उस्ताद म्हणायचा. मला ते ठिणगी म्हणतात. लहानपणी माझ्या नाकावर राग असायचा म्हणून लोकांना ते नाव पटायचं, पण बाबांचं म्हणणं वेगळं. ठिणगी म्हणजे आगीची नव्हे, स्पार्क प्लगची. ती पडल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. राग अजूनही नाकावरच आहे, हे इथेच सांगून टाकते.

त्यांची कामाची एक रीत होती. कुठलीही गाडी शेडमध्ये आली की तक्रार काहीही असो, ते आधी तिच्यावर हात फिरवायचे. हात फिरवायचा म्हणजे कुरवाळायचं नव्हे. इंजिनाभोवतीचा एकेक नट पान्याने थोडा सैल करायचा आणि स्वतःच्या हाताने परत आवळायचा. त्याचे पैसे नाहीत, कोणी सांगितलेलंही नाही. मी विचारलं तर म्हणायचे, "दुसऱ्याने आवळलेल्याची जबाबदारी मी कशी घेऊ? मी आवळला की मग माझी." गिऱ्हाईक ताटकळत बसायचं. कोणी घाई केली तर बाबा शांतपणे किल्ली त्याच्या हातात ठेवायचे आणि दुसरं गॅरेज दाखवायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी शेड बंद केली. बाहेर सांगताना म्हणाले, "आताच्या गाड्यांत राहिलंय काय, नुसत्या तारा आणि कॉम्प्युटर." घरात आम्हाला खरं कारण माहीत होतं. उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हा थांबणार नाही, फार तर हळू होईल, असंही सांगितलं. ते नाव आमच्याकडे कोणी उच्चारत नाही. आई "हाताचं" म्हणते. "त्यांच्या हाताचं आज जरा जास्त आहे." शेवटचं काम त्यांनी कोणाच्या तरी ब्रेकचं केलं. दुसऱ्या दिवशी न जेवता त्या माणसाच्या घरी गेले, त्याची गाडी रस्त्यावरच जॅकवर चढवली आणि सगळं पुन्हा तपासलं. सगळं ठीक होतं. तरी परत आले ते शेडला कुलूप लावूनच.

मी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी उठल्यापासून म्हातारी माणसं उपाशीपोटी दाराकडे डोळे लावून बसलेली असतात. घेतलेले नमुने बर्फाच्या पेटीत ठेवून वेळेत पोचवायचे, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात जाते आणि त्याच माणसांना पुन्हा सुई टोचावी लागते. इतकी वर्षं स्कूटरवर केलं, पाठ गेली. म्हणून ही छोटी गाडी घेतली. तिने बंद पडायचं नाही, एवढीच माझी तिच्याकडून अपेक्षा होती.

शोरूममधल्या माणसाने किल्ली देण्याआधी वाढीव वॉरंटीचं विचारलं. कंपनीची वॉरंटी ठरावीक काळाची असते. जास्तीचे पैसे भरले की ती आणखी काही वर्षं चालते. निर्णय पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत घेतला तरी चालणार होता. "अट एकच आहे मॅडम," तो म्हणाला. "गाडी फक्त आमच्याच वर्कशॉपमध्ये उघडायची. बाहेरच्या मेकॅनिकचा हात लागला की सगळं रद्द."

बाबा माझ्या शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर ते मोठ्या मजेत आईला सांगत बसले. "ऐकलंस का? घरात उस्ताद असताना पोरीला वॉरंटी विकतायत!" आई हसली, पण स्वयंपाकघरात जाताना मला डोळ्यांनी खूण करून गेली. मागोमाग गेले तर नळ सोडून हळूच म्हणाली, "घेऊन टाक गं. गुपचूप घे."

"गुपचूप कशी घेऊ? आणि घेतली तर त्यांना गाडीला हात लावू नका म्हणून कोण सांगणार? तू?"

"मी कशी सांगणार?"

"मग मी सांगू?"

ती भांडं घासत राहिली. मी उगाच तिच्यावर खेकसले. घेतली तर बाबांना तोंडावर सांगण्यासारखं होतं की तुमचा हात आता चालत नाही. नाही घेतली तर तोच हात माझ्या ब्रेकवर, माझ्या स्टिअरिंगवर फिरणार होता. लहानपणी याच हाताच्या भरवशावर मी खिळखिळ्या गाड्यांच्या मागच्या सीटवर बिनधास्त झोपून गेलेली पोरगी. आता मला त्या हाताची भीती वाटत होती आणि त्या भीतीची लाज वाटत होती.

दिवस जात राहिले. रोज ठरवायचं की आज बोलू, आणि जेवायला बसलं की बाबा विचारायचे, "कशी चालतेय? आवाज बिवाज?" मी म्हणायची, "मस्त." मग ते म्हणायचे, "एकदा हात फिरवायला पाहिजे तिच्यावर." मी ताटात बघायची.

एका सुट्टीच्या दुपारी मी वरच्या खिडकीत केस वाळवत उभी होते. खाली बाबांनी गाडीचं बॉनेट उघडलं होतं. जुन्या चादरीवर पाने मापाप्रमाणे मांडून ठेवले होते. मला ओरडून थांबवता आलं असतं. पण त्यांनी ते जुने गॅरेजचे कपडे घातले होते, दोन वर्षं कपाटात पडलेले, आणि शीळ वाजवत होते.

पान्याचं तोंड नटावर बसेना. एकदा घसरलं, दोनदा घसरलं. त्यांनी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं आणि पुन्हा लावून बघितलं. बसलं. नट सैल झाला. मग तो परत आवळायचा, तर पाना निसटून खाली इंजिनाच्या खाचेत पडला. शीळ थांबली. बाबांनी आत हात घातला, पण तो पोचेना. मग गुडघ्यावर बसले, नंतर जमिनीवर आडवे झाले आणि गाडीखाली शिरून चाचपडू लागले. पाना सापडायला किती तरी वेळ गेला. उठले तेव्हा त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून. मी चटकन पडद्याआड झाले.

तो नट त्यांनी कसाबसा आवळला. बाकीच्यांना हात लावला नाही. चादर गुंडाळली, पाने पेटीत भरले. वर येऊन हात धुताना म्हणाले, "झकास आहे गाडी. काही करायला नकोय." मी म्हटलं, "बरं झालं." त्या संध्याकाळी त्यांनी चहा कपात न घेता पेल्यात मागितला. पेला दोन्ही हातांत धरता येतो.

पहिल्या सर्व्हिसिंगला बाबा बरोबर निघाले. त्यांना नको म्हणायचं कसं, हा आणखी एक प्रश्न मला सुटला नाही, म्हणून आले. वर्कशॉप म्हणजे एक मोठा चकचकीत हॉल होता. जमिनीवर तेलाचा एक थेंब नाही. गिऱ्हाइकांनी काचेच्या अलीकडे बसायचं, पलीकडे गाड्या वर उचललेल्या. बाबा बसले नाहीत. काचेजवळ उभे राहून बघत होते, दोन्ही हात खिशात. आताशा बाहेर गेलं की त्यांचे हात खिशातच असतात.

थोड्या वेळाने तिथल्या सर्व्हिस सल्लागार मुलीने आम्हा दोघांना आत बोलावलं. गाडीचं बॉनेट उघडं होतं. मुलगी नम्र होती, हसरी होती. मला तिचा रागही करता येत नव्हता.

"मॅडम, तुम्ही वाढीव वॉरंटीचं विचारलं होतं ना फोनवर?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी फोन केला होता, हे त्यांना असं कळलं. मी मान हलवली.

"एक छोटी अडचण आहे. हे बघा." तिने बोट दाखवलं. कारखान्यात नट आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढतात. अर्धी नटावर, अर्धी खालच्या पत्र्यावर. नट जरासा जरी फिरला तरी रेघेचे दोन्ही तुकडे जुळत नाहीत. आमच्या गाडीवरची ती एकच रेघ जुळत नव्हती. "हा कोणीतरी सैल केलाय आणि नीट आवळलेला नाही. बाहेरच्या मेकॅनिककडे गेली होती का गाडी? तसं असेल तर मला वॉरंटी देता येणार नाही."

नीट आवळलेला नाही. हे वाक्य उस्तादांसमोर आजवर कोणी बोललं नव्हतं.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. हा माणूस कोण आहे माहीत आहे का तुला, तुमच्या या हॉलमधल्या सगळ्यांनी मिळून खोलली नसतील इतकी इंजिनं यांनी एकट्याने खोललीत, असं तिला ठणकावून सांगायचं होतं. एरवी मी सांगितलंही असतं. पण सांगितलं की वॉरंटी गेली, आणि गाडी कायमची त्या हातात आली. सकाळचे ते उपाशी म्हातारे दिसले, गाडीखाली चाचपडणारे बाबा दिसले. मी मूग गिळून उभी राहिले.

"मी फिरवला तो," बाबा म्हणाले.

"तुम्ही? काका, तुम्ही मेकॅनिक आहात का?"

"छे हो. मला कुठलं कळतंय गाडीतलं? वाटलं, पाणी घालायचं झाकण असेल. फिरेना, तर पाना लावून बघितला."

ती खळखळून हसली. "अहो काका! असं करू नका परत. पाणी इकडे घालतात, हे बघा."

"हो का?" बाबा वाकले आणि तिने दाखवलेल्या जागी बघितलं. "आणि हा डबा कसला?"

"ती बॅटरी."

"असं होय. आणि तेल?"

तिने तेल कुठे घालतात तेही दाखवलं. सावकाश, मोठ्या आवाजात, ऐकायला कमी येणाऱ्या माणसाशी बोलावं तसं. बाबा प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होते. काम हातात घेतलं की ते अर्धवट सोडायचं नाही, हा त्यांचा स्वभावच आहे. ते आणखी काय काय विचारत राहिले आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. हात त्यांनी खिशातून शेवटपर्यंत काढले नाहीत.

ती म्हणाली, "आई-बाबांचं असंच असतं. माझे बाबा घरातला मिक्सर उघडून बसतात." मग तिने एका माणसाला हाक मारली. त्याने नट आवळला आणि ब्रशने त्यावर नवी पिवळी रेघ ओढली. बाबा ते अगदी जवळून बघत होते. माझ्यासमोर कागद आले. बाहेरच्या कोणाचाही हात लागता कामा नये, ही अट तिने पुन्हा एकदा वाचून दाखवली आणि बाबांकडे बघून गमतीत बोट हलवलं. बाबा हसले. मी सही केली.

परतताना ते माझ्या शेजारी बसले होते. मी काहीतरी बोलायला हवं होतं. थँक यू म्हणायचं की माफ करा म्हणायचं, ते ठरेना, आणि दोन्हीतलं काहीही म्हटलं असतं तर त्यांनी जे केलं ते उघड्यावर आणल्यासारखं झालं असतं. म्हणून गाडी चालवत राहिले. गाडी सुरेख चालत होती.

सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी समोर बघतच विचारलं, "ठिणगे, मी बरोबर बोललो ना? त्या मुलीला संशय तर नाही ना आला?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "जरासुद्धा नाही आला."

आणि ते खरं होतं.