रुमाल टाकलेली सीट

नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचो आणि संध्याकाळच्या एसटीने पेणला घरी जायचो. धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून एक गृहस्थ माझ्याआधीच गाडीत बसलेले असायचे. स्वतः खिडकीशी आणि शेजारच्या सीटवर चौकड्यांचा रुमाल. गाडी खच्चून भरली तरी ते तो उचलत नसत.

"माणूस येतोय. अष्टमीच्या स्टॉपला चढंल," म्हणायचे. अष्टमीला कुणी चढलं नाही की, "मग नागोठण्याला." तो माणूस कधी आला नाही आणि मी रोज पेणपर्यंत उभा.

एकदा वैतागून म्हटलं, "आमच्या शास्त्रातही हेच चाललंय. सुपरसिमेट्री म्हणतात. प्रत्येक सूक्ष्म कणाला एक जड जोडीदार आहे, असं गणित सांगतं. तो सापडला तर सृष्टीतली सगळी बलं मुळात एकच होती, या म्हणण्याला जोर येईल. पण अजून कुणी त्याला बघितलेलं नाही."

"मग करतात काय?"

"आणखी मोठं यंत्र बांधतात. त्यात सापडेल म्हणतात."

"म्हंजे पुढच्या स्टॉपला चढंल."

त्यांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी रुमाल उचलला. "बसा सर. तो येईपर्यंत."

मी बसलो. जगभरचे शास्त्रज्ञ तो जोडीदार सापडावा म्हणून जिवाचं रान करत होते. मी मात्र वडखळला गाडी थांबली तशी दाराकडे बघत राहिलो आणि तो येऊ नये म्हणून मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.