कोऱ्या कपाळाची पाकिटं

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर एका कापडदुकानाच्या माडीवर विठ्ठलरावांचं टपालाचं काम चाले. कंपन्यांची छापील पत्रं तिथं गठ्ठ्यांनी येत. ती घडी घालून पाकिटात भरायची, गावागावांची वेगळी करायची, पोत्यात घालून रेल्वेच्या टपालाला पोचती करायची. खिडकीजवळची जागा अंबूताईची.

अंबूताई मूळची आमच्या अळणावर गावची. तिचे वडील लाकडाच्या वखारीत होते. त्या घराची एक रीत होती. उंबऱ्याबाहेर जाणाऱ्या कशालाही बोडकं धाडायचं नाही. विकलेलं वासरू असो, सागवानाची गाडी असो, सासरी निघालेली पोर असो, कुंकवाचं बोट लागल्याशिवाय पाऊल पुढं पडायचं नाही. पुढं अंबूताईचा नवरा गेला आणि तिचं स्वतःचं कपाळ कोरं झालं. रीत मात्र हातातून गेली नाही. कमरेच्या पिशवीत कुंकवाची डबी असे. गठ्ठा बांधून झाला की वरच्या पाकिटाच्या पाठीवर ती हळूच बोट टेकवी. कुणी काही म्हणत नसे. टपालात पत्रं माणसंच निवडत होती, आणि कुंकू बघून माणूस हसतो फार तर.

मग सत्त्याण्णव साली विठ्ठलरावांना एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं. भागधारकांना वर्षभर पत्रं जाणार होती, आणि ती मुंबईला यंत्रावर निवडली जाणार होती.

"यंत्र म्हणजे एकच डोळा, आणि तोही हट्टी," विठ्ठलरावांनी सांगितलं. "पिनकोड दिसला तर पाकीट पुढं, नाही दिसला तर बाहेर. टाचणी नको, चिकटपट्टी नको. पत्त्याखालची पट्टी कोरी पाहिजे. आणि अंबूताई, पहिली खेप नीट गेली तरच वर्षाचं काम आपलं. नाहीतर ते बेंगळूरला जाणार, आणि मला ही खोली बंद करावी लागेल."

अंबूताईला हे दोनदा सांगावं लागलं नाही. तिची लेक उत्तरा धारवाडला सप्तापुरात खोली घेऊन एम.ए. करत होती. त्या खोलीचं भाडं ह्याच खिडकीजवळून जात होतं.

ती कामाला लागली. पाकिटाला पुढून पारदर्शक कागदाची खिडकी, आत पत्ता. प्रत्येक पाकीट ती टेबलावर चारही अंगांनी आपटी. टक, टक. आतलं पत्र सरकून पत्ता खिडकीआड जातो का, बघायचं. गेला तर घडी पुन्हा घालायची. सगळ्यांची तोंडं एका बाजूला, जशी आरतीला उभी राहिलेली माणसं.

शुक्रवारी खेप तयार झाली. विठ्ठलराव जेवायला गेले होते. अंबूताईनं डबी काढली. आज एका पाकिटावर तिचं मन भागेना. एकालाच लावलं तर बाकीच्यांनी काय पाप केलं? कुंकू सुटून पडू नये म्हणून तिनं त्यात खोबरेल तेलाचा थेंब घातला आणि एकेका पाकिटाच्या पाठीवर बोट ठेवत गेली. पुढची पट्टी कोरी ठेवा म्हटलं होतं, ती तिनं कोरीच ठेवली. मग पाकिटं एकावर एक रचली आणि सुतळी आवळली.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. विठ्ठलराव नुसते "हं, हं" म्हणत राहिले. फोन ठेवून ते खिडकीपाशी आले.

"अंबूताई, पत्रांची लग्नं लावलीत काय हो?"

तिला कळलं. तरी ती म्हणाली, "पाठीला लावलं होतं मी. पाठीला."

"एकाची पाठ दुसऱ्याच्या पोटाला असते, बाई. जोड्या चिकटल्या. यंत्र एक ओढायला गेलं की दोन येतात. सुटली त्यांच्या पट्टीवर लाल डाग. सगळी खेप परत. हातापाया पडून पुन्हा एकदा मागून घेतलीय. आता डबी घरी."

डबी घरी राहिली. नवी पाकिटं आली. टक, टक. मधूनच तिचा हात कमरेला जाई आणि रिकामा परत येई. पोती शिवून झाली, आणि ती न्यायला सटवाजी जिना चढून आला. सटवाजी म्हणजे हातगाडीवाला. डोक्यावर पांढरी टोपी, बोलण्यात निम्मं कन्नड. तो पोत्याला हात घालणार, तर अंबूताई पोत्यावर तळहात ठेवून बसलेली.

"सोड, अक्का. गाडी चुकली तर तुझी पत्रं मी चालत नेऊ मुंबईला?"

"अण्णा, बोडकी चाललीत रे. उत्तराचं सगळं ह्यांच्यावर आहे."

सटवाजीनं टोपी मागं सारली आणि तिच्यासमोर वाकला. "पत्रांना चालत नाही ना? मला लाव. स्टेशनापर्यंत मीच नेतो त्यांना."

अंबूताईनं हात मागं घेतला. "वेडा आहेस काय? माझ्या हातचं? तुझी बायको काय म्हणेल!"

"एवढ्या पाकिटांना चाललं तेव्हा कुणी विचारलं नाही. एन् आगूदिल्ल, अक्का. काही होत नाही. लाव लवकर, कंबर दुखतीय माझी."

विठ्ठलराव टेबलाशी बसून हे ऐकत होते. ते उठले, गणपतीच्या तसबिरीपुढची कुंकवाची वाटी उचलून त्यांनी अंबूताईपुढं धरली.

तिनं बोट टेकवलं. टिळा वाकडा लागला.

"सरळ आहे का?" सटवाजीनं विचारलं.

"आहे," विठ्ठलराव म्हणाले.

ती खेप यंत्रातून गेली. वर्षाचं काम मिळालं, पुढच्या वर्षाचंही. उत्तरा एम.ए. झाली, बेळगावला कॉलेजात लागली. स्टेशनावरचे टपालवाले सटवाजीचं कपाळ बघूनच म्हणत, "आली रे अक्काची खेप!"

पुढं कंपन्या कागद कमी करत गेल्या. पोती हलकी झाली, मग एकच उरलं, मग तेही नाही. खोली आवरायच्या दिवशी अंबूताई खिडकीजवळचं टेबल पुसत होती. न्यायला काहीच नव्हतं, तरी जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. सटवाजी दारात आला आणि टोपी मागं सारून वाकून उभा राहिला.

"आज काय नेणार आहेस, अण्णा?"

"तुला," तो म्हणाला. "बसस्टँडपर्यंत. लेकीकडं निघालीस ना? लाव लवकर, कंबर दुखतीय."